जुना औद्योगिक एअर कॉम्प्रेसर वर्कशॉपसाठी पुन्हा उभा करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला पिस्टनचा कॉम्प्रेसर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये कामाला लावायचा म्हटलं, की जे प्रश्न हमखास निघतात ते इथे घेतले आहेत. बोलणं मुख्यतः पट्ट्यावर चालणाऱ्या, २ ते १० एचपीच्या, एक किंवा दोन स्टेजच्या (हवा एकदाच किंवा दोन टप्प्यांत दाबणाऱ्या) मशीनबद्दल आहे. दाब बारमध्ये दिला आहे. तुमच्या गेजवर पीएसआय असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय धरा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा छोटा कॉम्प्रेसर का घेऊ नये?

महिन्यातून दोनदा टायरमध्ये हवा भरायची असेल तर नवाच घ्या, या फंदात पडू नका. पण स्प्रे पेंटिंग, हवेवरचा सँडर, सँडब्लास्टिंग अशी तासन् तास हवा पिणारी कामं असतील, तर जुना औद्योगिक पंप वेगळ्याच जातीचा असतो. बिडाचे जाड सिलिंडर, मोठं फ्लायव्हील आणि मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. मोटरच्या शाफ्टलाच पंप जोडलेला छोटा कॉम्प्रेसर २८०० च्या आसपास फिरतो, लवकर तापतो आणि कानही बसवतो. शिवाय जुना पंप दुरुस्त होईल अशा बेतानंच बनवलेला असतो. नट-बोल्ट सोडले की सगळं उघडतं.

सुटे भाग मिळतील का, हे मात्र घेण्याआधी पाहा. काही घाट (मॉडेल) इतकी वर्षं चालले आहेत की त्यांच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह अजून मिळतात. इंगरसोल रँडचा टाइप ३० हा १९२९ पासूनचा घाट. कुणी कधी नाव न ऐकलेल्या पंपाची रिंग एक वेळ मापानं शोधता येते, पण त्याची व्हॉल्व्हची पट्टी मिळणं मुश्किल.

मशीन बघायला गेल्यावर पहिल्यांदा काय बघायचं?

टाकी. लोक फ्लायव्हील हातानं फिरवून बघतात, मोटरला कान लावतात, ऑइलचा रंग बघतात आणि टाकीवर थाप मारून ‘दणकट आहे’ म्हणतात. हा क्रम उलटा करा. पंप कितीही वाईट असला तरी लेथवाल्याच्या आणि रिंगांच्या जोरावर उभा राहतो. मोटरचं वाइंडिंग नवं करता येतं. आतून खाल्लेल्या टाकीला उपाय नाही.

टाकीखाली हात घालून ड्रेन कॉकच्या आसपास चाचपा. बाहेरून पापुद्रे निघत असतील, फोड आल्यासारखा रंग उचललेला असेल, किंवा कुणी तिथे वेल्डिंगचं ठिगळ मारलेलं असेल, तर ती टाकी हवेसाठी बाद समजा आणि भाव फक्त पंपाचा आणि मोटरचा करा. नंतर नेमप्लेट शोधा. टाकीचा कमाल दाब, बनवल्याचं साल आणि पत्र्याची जाडी त्यावर ठोकलेली असते. कधी ती रंगाच्या चार थरांखाली असते, तेव्हा खरवडून बघा.

टाकीचं एवढं काय? जाड लोखंड तर आहे.

३०० लिटरच्या टाकीत १० बार हवा भरली की तिच्यात साधारण ४०० किलोज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावत असताना तिच्यात जवळपास एवढीच असते. फरक एवढाच की ही गाडी तुमच्या पाठीमागे दोन हातांवर उभी असते.

आता जाडीचा हिशेब. नळकांड्याच्या पत्र्यावरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. ५०० मिलिमीटर व्यास, १० बार (म्हणजे चौरस मिलिमीटरला १ न्यूटन) आणि ६ मिलिमीटर पत्रा घेतला तर ताण येतो चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ न्यूटन. पत्रा झिजून ३ मिलिमीटर झाला की ८३. माइल्ड स्टील साधारण २५० पर्यंत टिकतं, तेव्हा कागदावर अजून भरपूर जागा दिसते. इथेच माणूस फसतो. गंज सगळीकडे सारखा खात नाही. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, त्याच्या काठाकाठानं खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यात पत्रा दीड मिलिमीटरच उरलेला असू शकतो. त्यात दाब दिवसातून पन्नास वेळा चढतो-उतरतो, म्हणजे वेल्डिंगजवळ तडे जाण्याची सोयच. बाहेरून रंग चकचकीत, आतून तळाची चाळणी, अशा टाक्या मी पाहिल्या आहेत.

मग टाकी तपासायची कशी?

आधी दाब पूर्ण शून्य करा आणि ड्रेनचा प्लग काढा. काय बाहेर येतं ते बघा. तपकिरी पाणी आणि ऑइलचा चिखल नेहमीचाच. लोखंडाचे पापुद्रे किंवा खपल्या आल्या तर काळजीचं कारण आहे. मग सगळ्यात मोठ्या भोकातून वायरवाला कॅमेरा आत सोडा. तो फोनला जोडता येतो आणि अर्ध्या तासात टाकीचा तळ स्वच्छ दिसतो. तांबूस भुकटीचा पातळ थर चालेल. खड्डे, पायऱ्यांसारख्या कडा, वेल्डिंगच्या रेघेलगत खाल्लेली घळ दिसली तर थांबा.

दुसरी पायरी जाडीची. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज एका बाजूनंच जाडी सांगतो, भोक पाडावं लागत नाही. तळाच्या पट्ट्यात दर ५० मिलिमीटरला एक माप घ्या. ड्रेनभोवती आणि पायांच्या वेल्डिंगजवळ अजून दाट घ्या. टाकीच्या दोन्ही टोकांच्या घुमटाला जिथे वळण आहे तिथेही घ्या. सगळी मापं खडूनं टाकीवरच लिहा आणि फोटो काढा. वरच्या बाजूला ५.९ आणि तळाला ५.६ असेल तर ठीक. तळाला एखादं माप ३.८ आलं तर ती टाकी परत करा.

तिसरी पायरी पाण्याची टेस्ट. पंप, प्रेशर स्विच (दाब बघून मोटर चालू-बंद करणारा), सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं उतरवून भोकं प्लगनं बंद करा, सर्वांत वरच्या भोकातून टाकी काठोकाठ भरा आणि आतला हवेचा शेवटचा बुडबुडासुद्धा बाहेर काढा. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकी फुटलीच तरी पाणी सांडून दाब लगेच पडतो. आत हवा राहिली तर हा फायदा गेला. मग हातपंपानं दाब हळूहळू चढवा. टेस्टचा दाब नेमप्लेटवरच्या कमाल दाबाच्या १.३ ते १.५ पट ठेवतात. कोणता आकडा लागू, ते टाकी ज्या कोडनं (बनावटीच्या नियमावलीनं) बनली त्यावर अवलंबून. अर्धा तास धरून ठेवा. गेजचा काटा हलला का, वेल्डिंगवर घाम आल्यासारखे थेंब दिसतात का, ते बघा. टेस्टच्या आधी आणि नंतर टाकीचा घेर एकाच रेघेवर टेपनं मोजा. दाब उतरवल्यावर घेर वाढलेलाच राहिला तर लोखंड कायमचं ताणलं गेलं आहे.

३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, तेव्हा खालची जमीन आणि आधार आधी पाहून घ्या. आणि ही टेस्ट हवेनं कधीही करू नका. प्रेशर व्हेसल तपासणारा अधिकृत माणूस मिळत असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तसा नियमच असतो.

नेमप्लेट नाहीच. मग?

मग कमाल दाब माहीत नाही, आणि कशाच्या दीडपट टेस्ट करायची तेही माहीत नाही. अशी टाकी एकतर अधिकृत तपासनीसाकडून मोजून, हिशेब करून प्रमाणित करून घ्या, नाहीतर बदला. ‘आधी १० बारवर चालायची’ हे विकणाऱ्याचं वाक्य असतं, नेमप्लेट नव्हे.

छोटंसं भोक आहे. वेल्डिंग करून बुजवलं तर?

नको. भोक म्हणजे त्या जागेभोवतीचा पत्रा कागदासारखा झाला आहे याची खूण. वेल्डर तुम्हाला सांगेल की पत्रा जळतोय, टाका धरत नाही. ठिगळ मारलं तरी त्याच्या कडेला नवा ताण येतो. एपॉक्सीबद्दल तर बोलायलाच नको. टाकी बाद झाली तर तिला मोठं भोक पाडून ठेवा, म्हणजे पुढे कुणी रंग देऊन विकणार नाही.

पंप चांगला असेल तर तो आणि मोटर नव्या टाकीवर चढवता येतात. टाकीवर पंपासाठी पाट (बेस प्लेट) नसेल तर टाकीला स्वतः वेल्डिंग करू नका. पंप आणि मोटर जमिनीवरच्या वेगळ्या चौकटीवर बसवा आणि टाकी शेजारी ठेवा. मधली नळी लवचिक घ्या, पण ती गरम हवेला आणि दाबाला चालेल अशी असावी.

फ्लायव्हील हलत नाही. पंप जाम झालाय का?

असेल, पण घाबरायचं कारण नाही. फ्लायव्हीलच्या आऱ्यांत पाइप घालून जोर लावू नका. बीड वाकत नाही, तुटतं. दोन्ही हेड काढा, सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओता आणि दोन-तीन दिवस सोडून द्या. मग लाकडाच्या ठोकळ्यानं पिस्टनवर हलके ठोके आणि फ्लायव्हीलला हातानं मागे-पुढे हलकी लय. एक मिलिमीटर हलला की सुटला समजा. नंतर सिलिंडर उतरवून बघायचाच आहे, कारण जिथे रिंगा चिकटल्या होत्या तिथे गंजाची कडी उमटलेली असते. होनिंगनं (आतून दगडानं घासून) ती गेली तर ठीक, नखाला खड्डा लागत राहिला तर बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन.

हे डिझेल हवेच्या वाटेत राहता कामा नये. हेड बसवण्याआधी सगळं पुसून कोरडं करा. गरम, दाबलेल्या हवेत इंधनाची वाफ मिसळली तर ती पेटू शकते.

पंप चालतो आहे, हवाही देतो आहे. तरी उघडायचा का?

हेड आणि व्हॉल्व्ह उघडाच. खालचं क्रँककेस उघडायचं की नाही ते ऑइल सांगेल. जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर सोडा. नुसतं काळं असेल तर धुऊन नवीन भरा. पितळी चमक दिसली तर कनेक्टिंग रॉडचं बुश झिजतंय, उघडावंच लागेल. फ्लायव्हील हातानं किंचित मागे-पुढे केल्यावर आतून ‘टक’ आवाज येणं हीही तीच खूण.

व्हॉल्व्हमध्ये नेमकं काय करायचं?

जुन्या पंपात हवा कमी पडण्याचं पहिलं कारण व्हॉल्व्हच असतात. काम फार अवघड नाही, पण घाईचं नाही.

हेड काढल्यावर व्हॉल्व्ह प्लेट मिळते. एका बाजूला हवा आत घेणारी पट्टी, दुसऱ्या बाजूला बाहेर सोडणारी. बाहेर सोडणाऱ्या बाजूला काळा, कडक कार्बन असतो. ते उगीच नाही. ३० अंशाची हवा एका झटक्यात ७ बारपर्यंत दाबली तर हिशेबानं तिचं तापमान २७० अंशांच्या आसपास जातं. तेवढ्यात ऑइल भाजून त्याचा कार्बन होतो. (दोन स्टेजमध्ये मधेच हवा गार केली तर प्रत्येक स्टेजला १३० अंशांच्या आसपासच राहतं. दोन स्टेजचा पंप जास्त टिकतो त्यात याचा मोठा वाटा आहे.)

उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक पट्टी आणि स्प्रिंग कोणत्या बाजूची ते पुठ्ठ्यावर लिहून त्यातच खोचून ठेवा. कार्बन पितळी खरवडणीनं आणि सोड्याच्या गरम पाण्यानं काढा. छिन्नी नको, बसण्याच्या जागेवर एक ओरखडा पडला की ती गळणारच. मग जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, वर तेलाचे चार थेंब, आणि प्लेट इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा. सुरुवातीला चमक तुकड्यातुकड्यांनी येते. सगळीकडे सारखा करडा रंग आला की ८०० वर शेवटचा हात.

पट्टी नवी असेल तर उत्तम. जुनीच वापरायची तर उजेडात धरून बघा. वाकलेली, कडेला केसाएवढा तडा असलेली किंवा बसण्याच्या जागी चर पडलेली पट्टी फेका. काही जण झिजलेली पट्टी उलटी करून लावतात. मी लावत नाही. ज्या बाजूनं ती हजारो तास वाकली त्याच्या उलट वाकायला लावलं की ती लवकर तुटते, आणि तुकडा पडतो तो थेट पिस्टनवर.

जोडून झाल्यावर व्हॉल्व्ह ज्या बाजूनं बंद राहायला हवा त्या बाजूला रॉकेल भरा आणि पाच मिनिटं थांबा. खालून एखादा थेंब झिरपला तर चालेल, धार लागली तर परत काचेवर. टेस्टनंतर प्लेट पूर्ण वाळवा. तांब्याचे वायसर परत वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडतात. लोखंडाचं उलट होतं, म्हणून लोक इथे गोंधळतात.

रिंगा कशा निवडायच्या? बसवताना काय चुकतं?

रिंग सिलिंडरमध्ये टाकून पिस्टननं सरळ खाली ढकला आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. १०० मिलिमीटर बोअरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. त्याहून कमी असेल तर गरम झाल्यावर दोन्ही टोकं भिडतात आणि रिंग बोअर खरवडते. कानसनं टोक घासून फट वाढवता येते. फार जास्त असेल तर बोअर झिजला आहे किंवा रिंग चुकीची आहे.

चूक कुठे होते ते अनुभवावरून सांगतो. पहिला पंप जोडला तेव्हा ऑइल खरवडणारी रिंग मी उलटी बसवली. धार खालच्या बाजूला हवी होती, ती वर गेली. पंप गोड चालला, दाबही वेळेत आला. आठवड्यानं एका कपाटाच्या दारावर पेंट मारला आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं उमटायला लागली. हवेबरोबर ऑइल येत होतं. दोन दिवस फिल्टरला शिव्या दिल्या, मग हेड उघडलं. रिंगेवर खूण किंवा अक्षर असेल तर सहसा ती बाजू वर, पण खात्री करूनच बसवा. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

गॅस्केट घरीच कापता येतं का?

येतं, पण जाडी मूळचीच हवी. जाड झालं तर पिस्टनच्या वर हवा उरते, तीच पुन्हा पुन्हा दाबली-सोडली जाते आणि पंप कमी हवा देतो. पातळ झालं तर पिस्टन व्हॉल्व्ह प्लेटवर आपटतो. पिस्टनच्या माथ्यावर मऊ सोल्डरची वायर ग्रीसनं चिकटवा, हेड आवळून फ्लायव्हील हातानं एक पूर्ण फेरी फिरवा, वायर किती चपटी झाली ते मोजा आणि जुन्या गॅस्केटसह घेतलेल्या मापाशी ताडा.

जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, मास्क लावून काढा.

गाडीचं इंजिन ऑइल चालेल का?

एखाद्या दिवसापुरतं चालवावं लागलं तर पंप मरणार नाही, पण कायम नको. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट घाण आणि पाणी तरंगत ठेवतं, कारण गाडीत पुढे फिल्टर असतो. या पंपात फिल्टर नसतो, घाण तळाशी बसावी हेच अपेक्षित असतं. शिवाय त्या डिटर्जंटमुळे व्हॉल्व्हवर कार्बन जास्त जमतो. कॉम्प्रेसरचं आयएसओ १०० ऑइल घ्या (हा आकडा ऑइलच्या घट्टपणाचा), थंड हवेत ६८. पहिलं भरलेलं ५० तासांनी काढून टाका, नंतर ५०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंतच भरा, वर भरलं की हवेतून येतं.

ऑइल दुधासारखं पांढरट झालं तर पाणी शिरतंय. मशीन दर वेळी दोन-चार मिनिटंच चालत असेल तर ते पुरेसं तापत नाही आणि ओल आतच राहते.

पंप किती हवा देईल ते कसं कळणार?

सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजा. १०० मिलिमीटर बोअर आणि ८० मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे एका फेरीला ०.६३ लिटर. ८०० फेऱ्यांना मिनिटाला ५०० लिटर. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात ७०-७५ टक्के मिळते, म्हणजे ३६० लिटरच्या आसपास, सुमारे १३ सीएफएम (मिनिटाला घनफूट). दोन स्टेजचा पंप असेल तर फक्त मोठा सिलिंडर धरायचा. धाकटा तीच हवा पुन्हा दाबतो. दोन्हींची बेरीज करून सांगणारे बरेच भेटतात.

जोडून झाल्यावर खरी परीक्षा घड्याळानं. ३०० लिटरची टाकी ६ पासून ७ बारपर्यंत ५० सेकंदांत गेली तर मिनिटाला ३६० लिटर. ताजी हवा गरम असल्यानं आकडा किंचित चढाच येतो.

मोटर किती एचपीची आणि पुली केवढी?

ढोबळ हिशेब असा : ७ बारला एका एचपीमागे मिनिटाला १०० ते ११० लिटर. वरच्या पंपाला ३ एचपी काठावर, ५ निवांत.

पुलीचा हिशेब दोन व्यास आणि दोन वेगांचा. फ्लायव्हील ४५० मिलिमीटर, मोटर १४४० फेऱ्यांची आणि पंप ८०० वर हवा, तर मोटरची पुली २५० मिलिमीटर. मोटर बदलताना प्लेट नीट वाचा. २८८० ची मोटर त्याच पुलीवर लावली की पंप १६०० वर पळतो, आणि मग व्हॉल्व्हच्या पट्ट्या महिन्याभरात तुटतात. हवा जास्त हवी म्हणून पुली मोठी करणं हा त्याचाच धाकटा भाऊ.

फिरण्याची दिशा फ्लायव्हीलवरच्या बाणाप्रमाणे. बाण नसेल तर फ्लायव्हीलच्या पात्यांची हवा सिलिंडरवर यायला हवी. पट्टे दोन असतील तर दोन्ही एकदम बदला.

जुनी मोटर ओलीत पडलेली असेल तर सप्लाय देण्याआधी मेगरनं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघा. १ मेगाओमच्या खाली असेल तर वाळवल्याशिवाय चालवू नका.

माझ्याकडे सिंगल फेज आहे, मोटर तीन फेजची.

दोन वाटा. योग्य ताकदीची सिंगल फेज मोटर लावा, किंवा व्हीएफडी (सिंगल फेजपासून तीन फेज बनवणारं, मोटरचा वेग बदलणारं यंत्र). व्हीएफडीला सिंगल फेज २३० व्होल्ट दिले तर बाहेरही २३० च मिळतात, म्हणून मोटरच्या प्लेटवर २३०/४०० लिहिलेलं हवं आणि जोडणी डेल्टामध्ये (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात). ४०० डेल्टाची मोटर यावर पूर्ण ताकद देणार नाही. प्रेशर स्विच मोटरच्या वायरमध्ये न टाकता व्हीएफडीच्या कंट्रोलला जोडा. आणि वेग फार खाली नेऊ नका. या पंपांत कनेक्टिंग रॉडखालचा चमचा ऑइल उडवतो, हळू फिरला तर तो ऑइल वरपर्यंत पोचवत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह जुनाच ठेवला तर?

सगळ्या मशीनमध्ये डोळे मिटून नवीन घ्यावी अशी ही एकच वस्तू आहे. उघडण्याचा दाब टाकीच्या कमाल दाबाइतका किंवा कमी, आणि पंप देतो त्यापेक्षा जास्त हवा सोडण्याची ताकद हवी. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. गेजही नवं घ्या.

मोटर बंद झाल्यावर प्रेशर स्विचमधून हवा येत राहते.

स्विच बिघडला नाही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळतो आहे. मोटर थांबली की अनलोडर पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा सोडतो. तो ‘फुस्स’ आवाज एक-दोन सेकंदांत थांबायला हवा. थांबत नसेल तर टाकीतली हवा मागे येते आहे. टाकी रिकामी करून तो व्हॉल्व्ह उघडा, आत बहुधा कार्बनचा खडा अडकलेला असतो.

उलट, ‘फुस्स’ मुळीच येत नसेल आणि पुढच्या वेळी मोटर गुरगुरून ओव्हरलोडवर जात असेल, तर अनलोडर काम करत नाही. भरल्या दाबावर मोटर उठणार नाही. ओव्हरलोड रिलेचा आकडा वाढवून हा प्रश्न सोडवू नका.

दोन स्टेजच्या पंपात इंटरकूलरच्या (दोन स्टेजच्या मधे हवा गार करणाऱ्या) नळीवर छोटं गेज लावून घ्या, डॉक्टरच्या नाडीसारखं कामी येतं. टाकी ७ बारवर असताना मधला दाब दोनच्या आसपास असतो. तो चढत गेला आणि तिथला छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला लागला, तर धाकट्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह गळताहेत. फारच खाली राहिला तर मोठ्याचे.

पहिल्यांदा चालू कसा करायचा?

हातानं दहा-बारा फेऱ्या. मग टाकीचा कॉक पूर्ण उघडा ठेवून अर्धा तास बिनदाबाचा. थांबवा, गार होऊ द्या, हेडचे बोल्ट पुन्हा आवळा. मग दाब २ बारनं वाढवत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर साबणाच्या पाण्यानं सांधे बघा. पट्ट्याची जाळी लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

टाकीत इतकं पाणी येतं कुठून?

हवेतूनच. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर वर हिशेब केलेला पंप सतत चालल्यावर तासाला साडेतीनशे मिलिलिटरच्या वर पाणी वेगळं होतं. म्हणून ड्रेन रोज उघडायचा. खाली वाकणं जिवावर येत असेल तर ड्रेनला नळी लावून कॉक हाताशी आणा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात सरळ पार होतं. आठ-दहा मीटर धातूचा पाइप गेल्यावर लावा.

लाइनला पीव्हीसी पाइप चालेल का?

नाही. पाण्याला चालतो म्हणून हवेला चालत नाही. पीव्हीसी फुटतो तेव्हा काचेसारखे तुकडे उडतात. लोखंड, तांबं किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा पाइप वापरा. १०० ला १ उतार द्या, आणि खाली येणारी प्रत्येक शाखा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूनं वळवून घ्या, म्हणजे पाणी तिच्यात उतरत नाही.

रंग?

शेवटी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका. सिलिंडरच्या फिनवर पातळ हात, नेमप्लेट झाकून ठेवा, टाकीवर पुट्टी अजिबात नको.

ही हवा मास्कला किंवा कपडे झटकायला वापरली तर?

श्वासासाठी कधीच नाही, तिच्यात ऑइलचे कण असतात आणि तापलेल्या ऑइलचा कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. अंगावरही मारू नका. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते.

जुना स्क्रू कॉम्प्रेसर मिळतोय, तो घेऊ का?

स्क्रूचा ब्लॉक घरी दुरुस्त होत नाही. किती तास चालला ते कळत नसेल तर सोडून द्या.

सगळं नीट झालं. पुढे काय बघत राहायचं?

टाकी शून्यापासून भरायला किती सेकंद लागतात ते पहिल्याच दिवशी मोजून पट्ट्याच्या जाळीवर मार्करनं लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वेळ वाढत चालली तर आधी हवेचा फिल्टर, मग गळती, मग व्हॉल्व्ह. आणि त्या आकड्यांच्या शेजारीच टाकीच्या तळाची जाडी लिहा, तारखेसह.